टायमिंगची साखळी व तिचीं चाकें

शेतकीच्या मासिकांत विलायती मोटारीच्या साखळीचें काय प्रयोजन, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. तिचें उत्तर इतकेंच कीं, पेरणीचें यंत्र, मळणीयंत्र, पॉवर टिलर अशा वाटेनें दांतेरी चाक आणि त्यावरील साखळी आतां आपल्या खळ्यापर्यंत येऊन पोंचली आहे. आणि ती झिजली म्हणजे दुरुस्तींत एकच चूक पुन्हां पुन्हां होतांना दिसते. ती चूक व तिचें परिमार्जन आम्हीं विलायतेंत आमच्या पुतण्याच्या घरीं जवळून पाहिलें. तें प्रकरण येथें विस्तारानें देत आहों.

पुतण्याची गाडी ‘एम.जी.बी.’ जातीची, दोन माणसांनीं बसण्याजोगी, १९६७ सालची आहे. या जातीच्या गाड्या इंग्लंडांतील ॲबिंग्डन गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत. इंजिन चार दट्ट्यांचें, १७९८ घन सेंटिमीटरचें. सकाळीं थंड इंजिन सुरू करतांच पुढील अंगास साखळी खडखडे, आणि चढणीवर गाडीचा दम पूर्वीसारखा राहिला नव्हता. दोनच वर्षांपूर्वीं एका कारखान्यांत भरपूर पैसे मोजून त्यानें साखळी बदलून घेतली होती. तरीही आवाज परत आला, तेव्हां इंजिनच निकामी झालें असें समजून गाडी मिळेल त्या किंमतीस विकण्याचा त्याचा विचार ठरत आला होता. आम्हीं त्यास कारखान्याची जुनी पावती काढावयास सांगितली. तींत साखळीची किंमत होती. चाकांची किंवा ताण देणाऱ्या यंत्राची नव्हती. तेथेंच रोगाचें मूळ दिसलें.

या साखळीचें काम काय, तें प्रथम समजून घ्यावें. दट्ट्यांच्या वरखालीं होण्यानें जो मुख्य दांडा फिरतो, त्यास क्रँकशाफ्ट म्हणतात. आणि ज्याच्या उंचवट्यांनीं इंजिनाच्या झडपा उघडतात, त्यास कॅमशाफ्ट म्हणतात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे व्हावे तेव्हां कॅमशाफ्टचा एक फेरा झाला पाहिजे. म्हणून खालच्या लहान चाकाच्या दुप्पट दांते वरच्या चाकास असतात, व दोहोंस साखळीनें बांधलेलें असतें. झडप कोणत्या क्षणीं उघडावी हें सर्वस्वीं या साखळीवर अवलंबून आहे. ठिणगीची वेळ ठरविणारा डिस्ट्रिब्यूटरही कॅमशाफ्टवरच चालतो.

साखळी ‘लांबते’ असें आपण म्हणतों, परंतु तिचें पोलाद कांहीं ताणलें जात नाहीं. प्रत्येक सांध्यांतील खिळा व त्याभोंवतींची नळी एकमेकांस घासून किंचित् झिजतात, आणि त्या किंचित् झिजेची बेरीज होते. महसूल खात्यांत आमचा जन्म गेला. तेथील मोजणीच्या साखळीचा दाखला वाचकांस लगेच पटेल. शंकू साखळी तेहतीस फुटांची, म्हणजे ३९६ इंचांची. तिच्या कड्या झिजून ती चारच इंच वाढली, तर त्या साखळीनें मोजलेलें पुऱ्या चाळीस गुंठ्यांचें शेत कागदावर पाऊण गुंठ्याहून अधिक कमी भरतें. शेत जागचें हललेलें नसतें. माप खोटें झालेलें असतें. इंजिनाचें तसेंच. या साखळीस ५२ कड्या, व एका कडीचें माप ३/८ इंच. एकूण साडेएकोणीस इंच. प्रत्येक कडीमागें केंसाच्या जाडीइतकी झीज झाली कीं साखळी सुमारें एकपंचमांश इंच वाढते. मग कॅमशाफ्ट मागें पडतो, झडपा उशिरां उघडतात, ठिणगीही उशिरां पडते, आणि चढणीवर गाडी धापा टाकूं लागते.

आतां मुख्य मुद्दा. झिजलेल्या साखळीबरोबर चाकाचे दांतेही झिजतात. लांबलेली साखळी दांत्यांच्या टोंकाकडे चढते, व दांते हळूहळू एका अंगास वांकल्यासारखे, आंकड्याच्या आकाराचे होतात. अशा चाकांवर नवी साखळी चढविली तर कड्यांचें माप दांत्यांच्या मापाशीं जुळत नाहीं. सारा भार मोजक्या दांत्यांवर पडतो, आणि नवी साखळी अल्पकाळांतच जुनी होते. पुतण्याच्या गाडीचें हेंच झालें होतें. म्हणून साखळी, दोन्ही चाकें, ताण देणारें यंत्र, आंतील गास्केट व ऑइल सील हीं सर्व एकदमच बदलावीं. पहिल्या वर्षांच्या इंजिनांत साखळी दुहेरी व पुढील इंजिनांत एकेरी आहे. यास्तव सामान मागवितांना इंजिनाचा क्रमांक अवश्य कळवावा.

कामाचा क्रम असा. बॅटरीची तार सोडावी, पाणी काढून रेडिएटर उतरावा, पंख्याचा पट्टा काढावा. क्रँकशाफ्टच्या पुलीचा नट फार घट्ट असतो. त्याच्या वॉशरची दुमडलेली कड प्रथम सरळ करावी, मगच पाना लावावा. पुली व पुढचें झांकण काढलें कीं साखळी दृष्टीस पडते. झांकणामागें तेल उडविणारी एक चकती असते. तिची कोणती बाजू बाहेर होती हें लिहून ठेवावें. ती उलटी बसली तर तेल गळूं लागतें.

ताण देणारें यंत्र तेलाच्या दाबावर व स्प्रिंगेवर चालतें. तेल पोंचेपर्यंत तें पुरता जोर धरीत नाहीं, म्हणूनच झिजलेली साखळी थंड इंजिनांत अधिक वाजते. त्याच्या बुडाचें बूच काढून १/८ इंची षट्‌कोनी किल्ली आंत घालावी व घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरवावी, म्हणजे डोकें मागें घेतां येतें. उलट दिशेनें ती कधींही फिरवूं नये. तेल येण्याचें भोंक साफ आहे कीं नाहीं हें पाहावें. तें बुजलेलें असल्यास नवें यंत्रही व्यर्थ.

नवीं चाकें चढविण्यापूर्वीं क्रँकशाफ्टची चावीची खांच अगदीं वर, व कॅमशाफ्टची खांच समोरून पाहतां घड्याळांतील एकच्या जागीं आणावी. दोन्ही चाकांवर एकेक ठिपका असतो. ते ठिपके समोरासमोर ठेवून, साखळी चाकांवर चढवून, दोन्ही चाकें साखळीसह एकदमच दांड्यांवर सरकवावीं. मग सरळ पट्टी लावून दोन्ही चाकें एका पातळींत आहेत याची खात्री करावी. फरक असल्यास लहान चाकामागें पातळ चकत्या घालून किंवा काढून तो दूर करावा. यानंतर ताण देणारें यंत्र बसवून, किल्ली त्याच दिशेनें फिरवून डोकें मोकळें करावें. तें हातानें साखळीवर दाबूं नये. स्प्रिंगेनें आपण होऊन पुढें येऊं द्यावें.

झांकण घट्ट करण्यापूर्वीं इंजिन हातानें दोन पुरे फेरे फिरवावें व ठिपके पुन्हां समोरासमोर येतात कीं नाहीं हें पाहावें. हा ताळा घेतल्यावांचून पुढें जाऊं नये. एका दांत्याची चूक येथें दोन मिनिटांत सुधारते; झांकण लागल्यावर तीस सारा दिवस लागतो. झांकणाचे बोल्ट आवळण्यापूर्वीं पुली दांड्यावर सरकवून ठेवावी, म्हणजे ऑइल सील बरोबर मध्यावर बसतें. शेवटीं ठिणगीची वेळ नव्यानें लावावी.

आम्ही दोघांनीं हें काम दोन दिवसांत पुरें केलें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं इंजिन खडखडलें नाहीं, चढण पूर्वीप्रमाणें चढलें, आणि गाडी विकण्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

आपल्या मळणीयंत्रास वा पेरणीयंत्रास हाच नियम लागू आहे. हंगामाच्या ऐन वेळीं साखळी तुटून नवी आणण्यापेक्षां आधींच तिचें माप नव्या साखळीशीं ताडून पाहावें, चाकाचे दांते निरखावे, आणि ते आंकड्यासारखे झाले असतील तर चाकांचा खर्च टाळूं नये. झिजलेल्या चाकावर घातलेली नवी साखळी म्हणजे पडक्या बांधाच्या शेतांत सोडलेलें पाणी होय. पाण्याचे पैसे जातात आणि पीकही हातीं लागत नाहीं.