चर्च बांधणारी बेगम

मेरठपासून वीसेक किलोमीटरवर सरधना नावाचं गाव आहे. आजूबाजूला ऊस, गावात गजबजलेला बाजार. उत्तर प्रदेशातल्या कुठल्याही गावासारखंच. पण गावाच्या एका अंगाला दोन उंच मनोरे आणि घुमट दिसू लागतात, अन् आपण थबकतोच. हे कॅथलिक चर्च १८२२ मध्ये पुरं झालं आणि ते बांधलं एका बाईनं. तिचं नाव बेगम समरू.

मूळची ती फरझाना, दिल्लीतली नाचणारी मुलगी. वॉल्टर राइनहार्ट या युरोपियन सरदाराच्या आयुष्यात ती आली. त्याला ‘सोंब्र’ म्हणत, त्याचं आपल्या लोकांनी ‘समरू’ केलं. १७७८ मध्ये तो वारला. पहिल्या बायकोचा मुलगा होता, तरी फौज आणि सरधन्याची जहागीर फरझानानं सांभाळली. १७८१ मध्ये आग्र्याला तिनं बाप्तिस्मा घेतला आणि ती जोआना झाली. पगडी बांधून, पालखीत बसून ती लढाईवर जाई. १७८८ मध्ये गोकलगढला तिनं बादशहा शाह आलमला संकटातून वाचवलं. आपल्याशीही तिचं नातं आहे बरं का! १८०३ च्या असईच्या लढाईत शिंद्यांच्या बाजूनं तिच्या पलटणी होत्या. पुढे इंग्रजांशी तह करून तिनं जहागीर हयातभर राखली.

चर्चचा आराखडा रेगेलिनी या इटालियन माणसाचा. पुढचा व्हरांडा अठरा खांबांचा. आतली वेदी मात्र पांढऱ्या संगमरवराची, ताजमहालासारखी रंगीत खडे जडवलेली. बांधकामाला माती काढली त्या खड्ड्यांची शेजारी तळी झाली, असं सांगतात.

बचत गटाच्या बायकांना मी नेहमी विचारते, ‘घर कुणाच्या नावावर?’ उत्तर ठरलेलं, ‘यांच्या.’ नाहीतर, ‘सासऱ्यांच्या.’ दोनशे वर्षांपूर्वी या बाईनं जहागीर चालवली, तरी लोकांनी लक्षात ठेवलं ते नवऱ्याचं टोपणनाव. तिच्या कर्तबगारीपेक्षा तिच्या प्रेमप्रकरणांच्या कहाण्याच जास्त रंगवल्या गेल्या. कर्तबगार बाईच्या वाट्याला हे आजही येतंच की!

१८३६ मध्ये ती गेली आणि कंपनी सरकारनं जहागीर ताब्यात घेतली. दत्तक मुलगा विलायतेत भांडत राहिला. दिल्लीतल्या तिच्या हवेलीचा आज ‘भगीरथ पॅलेस’ झालाय, विजेच्या सामानाचा बाजार! टिकलं ते चर्च. १९६१ मध्ये पोपनी त्याला बॅसिलिकेचा मान दिला. नोव्हेंबरात इथे कृपामातेची यात्रा भरते. ख्रिश्चनांबरोबर इतर धर्मांचे लोकही नवस बोलायला येतात.

चर्चमध्ये तादोलिनी या इटालियन शिल्पकारानं घडवलेलं तिचं स्मारक आहे. दरबारी, धर्मगुरू, मुलगा, सगळे खाली आणि सर्वांत वर, हातात फर्मान घेऊन बसलेली ती. मैत्रिणींनो, दिल्लीहून हरिद्वारला जाताना मेरठ लागतंच. थोडी वाट वाकडी करा आणि तिला मान वर करून बघून या.