तीन दांड्यांची गाडी

मुंबईत माझगावला १९४९ साली महिंद्रांनी जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा त्या गाडीत चालकाच्या हाताशी तीन दांडे होते. एक नेहमीच्या गिअरचा. दुसरा ओढला की इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही मिळायची. तिसऱ्याने गाडी ‘लो’मध्ये जायची, वेग घटायचा आणि चाकांचा जोर सुमारे अडीच पट व्हायचा. पुढची पाऊणशे वर्षं कामासाठी जीप बाळगणाऱ्यांचा हिशेब या दोन जादा दांड्यांभोवतीच फिरत राहिला. वर्षातले किती दिवस ते लागतात आणि त्यांच्यासाठी किती पैसे मोजायचे?

सुरुवातीला हा हिशेब सरकारने केला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याबरोबर जीपही गावोगाव पोहोचली. रस्ता नव्हता, म्हणूनच ती हवी होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या त्याही याच कारणासाठी, आणि लष्कराने लिलावात काढलेल्या गाड्या पुढे कंत्राटदारांच्या आणि बागायतदारांच्या दारात आल्या.

खासगी मालकाला ही गाडी परवडली, कारण तिच्यात लपवलेलं असं काही नव्हतं. जाड लोखंडी चासी, चारही बाजूंना पाटे, वर कापडी हूड. बॉनेट उघडलं की प्रत्येक भागापर्यंत पाना पोचतो. तालुक्याच्या गावातला फिटर क्लच प्लेट बदलायचा, तुटलेला पाटा लोहाराकडून करून आणायचा. सीजे-थ्री-बी या मॉडेलचं बॉनेट उंच दिसतं, ते आतलं इंजिन उंच म्हणून. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ साली थांबलं. आपल्याकडे त्याच घडणीच्या गाड्या त्यानंतर कित्येक वर्षं निघत राहिल्या. परदेशी संग्राहकांना त्याचं नवल वाटतं. इथल्या मालकाच्या दृष्टीने मात्र ती मोठीच सोय होती: बापाच्या गाडीचा सुटा भाग मुलाच्या गाडीला बसायचा.

खरी अडचण पेट्रोलची. १९७३च्या तेलसंकटानंतर मूळ पेट्रोल इंजिन पोसणं जड झालं, आणि जीपला डिझेल मिळालं ते ट्रॅक्टरकडून. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या आराखड्यावरचं ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये बसलं. थरथर भयंकर, पण खर्च निम्म्यावर आल्यासारखा. नंतर पूजो कंपनीच्या परवान्याने बनलेलं २११२ सीसीचं डिझेल आलं, आणि त्यावरची एमएम-५४० ही अनेकांच्या मते कामाची सर्वांत चोख जीप. ९१ इंचांचा व्हीलबेस असल्यामुळे मागे माणसंही बसत आणि खताची पोतीही.

कोकणातल्या कातळावरच्या आंबा बागेत मृगाचा पाऊस लागला की तिची किंमत कळते. तांबडी माती चिकट होते, चढाला मागची चाकं जागच्या जागी फिरतात. फोर-व्हील टाकून ‘लो’मध्ये दुसरा गिअर धरला की गाडी सावकाश, पण न थांबता वर जाते. डांबरी रस्त्याला लागताच मात्र दांडा परत काढायचा असतो. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या रचनेत तो फरक सामावून घेणारं काहीच नाही. सगळा ताण गिअरबॉक्सवर आणि टायरवर येतो. ही शिस्त चालकाला शिकवावी लागे.

दरम्यान रस्ते झाले. साताऱ्या-सांगलीकडची वडाप जीप आणि विदर्भातली काळी-पिवळी यांना भरपूर माणसं हवी होती, पुढची चाकं ओढणारी हवी असं नव्हतं. त्यामुळे एकाच चेहऱ्याच्या बहुतेक गाड्या टू-व्हील ड्राइव्ह निघू लागल्या. २००० साली नाशिकची बोलेरो आली तीही प्रामुख्याने तशीच. १९८५ची मारुती जिप्सी वेगळ्या वाटेने टिकली. वजन टनाच्या आसपास, म्हणून चिखलात रुतणं कमी. लष्कराने ती हजारोंनी घेतली आणि ताडोबाच्या सफारीत तीच पर्यटकांची गाडी झाली. सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली.

महिंद्रांच्या २०१०च्या थारने जुनी घडण नव्या इंजिनासह चालू ठेवली. २०२०ची थार आणखी आरामदायी झाली, शहरात धो-धो खपली. जानेवारी २०२३मध्ये तिची फक्त मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त आवृत्तीही निघाली. त्यात गैर काही नाही, पण खताची पोती वाहणाऱ्या मालकाच्या हातून ही गाडी सुटली, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही. जुनी ठेवावी, तर १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं.

शेतातला जादा दांडा मात्र गेलेला नाही. तो ट्रॅक्टरवर आला. नाशिक आणि तासगावच्या द्राक्षबागांत २०-२५ हॉर्सपॉवरचे चारचाकी ओढीचे छोटे ट्रॅक्टर आज सर्रास दिसतात. ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की डाऊनी रोगावरची फवारणी तातडीने लागते. जमीन वाळेपर्यंत थांबता येत नाही. पाण्याने भरलेला ब्लोअर मागे घेऊन ओल्या सरीतून जायचं, तर केवळ मागच्या चाकांचा ट्रॅक्टर घसरतो आणि वेलींच्या ओळीत शिरतो. म्हणून बागायतदार जास्त पैसे मोजून पुढची चाकं ओढणारा ट्रॅक्टर घेतो.