जुन्या यंत्रांचे अंतरंग : लेखांक ७ – राजदूतचे ‘हाफ इंजिन’

मागील लेखांकात दोन-स्ट्रोक इंजिनाचे कार्य पाहिले. या लेखांकात तेच इंजिन वरून उघडायचे आहे आणि त्यासाठी राजदूत 175 ही गाडी घेतली आहे. पोलंडमधील ‘एसएचएल’ या मोटारसायकलीच्या आराखड्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने 1962 पासून ती भारतात बनवली आणि दुधाच्या कॅना, खताची पोती व दोन-तीन माणसे एकाच वेळी वाहणारी गाडी म्हणून ती मराठवाड्याच्या खेडोपाडी रुजली. धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावात, जिथे पक्क्या सडकेपासून शेतापर्यंतची वाट मातीचीच असते, तिथे अशा गाडीच्या इंजिनाने काय सोसले हे त्याचा वरचा भाग उघडल्यावर स्पष्ट दिसते.

मेकॅनिक ज्याला ‘हाफ इंजिन’ म्हणतात त्यात हेड, ब्लॉक म्हणजे सिलिंडर, पिस्टन, रिंगा आणि गजन पिन एवढेच भाग येतात. क्रँक व गिअर ज्यात असतात ते खालचे केसिंग फोडावे लागले तर काम ‘फुल इंजिन’चे होते आणि खर्चही त्या मानाने वाढतो. पहिले काम पान्याचे नसून स्वच्छतेचे आहे, कारण ब्लॉकच्या पंखांमध्ये वाळून बसलेली काळी माती रॉकेल व ब्रशने आधी काढली नाही, तर ब्लॉक उचलताच तीच माती केसिंगमध्ये पडून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत जाते. इंजिन पूर्ण थंड झालेले असावे; गरम असताना नट ढिल्या केल्यास ॲल्युमिनियमचे हेड वाकडे होण्याचा धोका असतो. नटही एकामागून एक पूर्ण न काढता, समोरासमोरच्या जोड्यांनी थोड्या थोड्या सैल कराव्यात.

हेड निघाल्यावर ते लगेच घासून पुसण्याचा मोह टाळावा, कारण आतील कार्बनचा रंग हाच रोगाचा पहिला पुरावा असतो. तपकिरी, कोरडा थर असेल तर पेट्रोल आणि हवेचे प्रमाण ठीक आहे. पांढुरकी, भाजल्यासारखी छटा असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडून इंजिन तापले आहे. आणि ओला, चिकट काळा थर असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडते किंवा प्लगची ठिणगी कमजोर आहे.

यानंतर ब्लॉक सरळ वर ओढावा आणि तो ओढताना अजिबात फिरवू नये. दोन-स्ट्रोक इंजिनात वॉल्व्ह नसतात. ताजे मिश्रण आत येण्याची व जळलेला वायू बाहेर जाण्याची सोय सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्यांमधून, म्हणजे पोर्टमधून, होते आणि ब्लॉक फिरला तर रिंगेचे टोक पोर्टमध्ये अडकून रिंग तुटते. याच कारणाने पिस्टनच्या खाचेत एक बारीक खुंटी बसवलेली असते, जी चालत्या इंजिनात रिंगेला जागच्या जागी धरून ठेवते. ब्लॉक अर्धा वर आला की केसिंगच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबावे. तुटलेल्या रिंगेचा तुकडा किंवा उडालेले लॉक आत गेले, तर हाफ इंजिनचे काम तिथेच फुल इंजिनचे होते.

गजन पिन दोन्ही बाजूंना तारेच्या लॉकने अडवलेली असते. ही लॉक पुन्हा वापरू नयेत, कारण ढिले पडलेले एक लॉक सिलिंडरच्या भिंतीवर खोल चर पाडू शकते. पिन हातोडीने ठोकून काढण्याची सवय तर सर्वांत घातक आहे, कारण त्या ठोक्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके पिस्टनभोवती धरले की ॲल्युमिनियम प्रसरण पावते आणि पिन हलक्या दाबाने सरकते.

हातात आलेला पिस्टन उजेडात फिरवून पाहावा. सायलेंसरच्या बाजूला चकाकणारे, ओढल्यासारखे पट्टे असतील तर इंजिन तापून पिस्टन धरला होता, कारण सर्वाधिक उष्णता त्याच बाजूला असते. रिंगांच्या खाली काळे डाग असतील तर जळता वायू रिंगांना चुकवून खाली उतरत होता. कार्बोरेटरच्या बाजूला असंख्य बारीक उभ्या रेघा असतील तर एअर फिल्टरमधून धूळ आत येत होती. मराठवाड्यातील वापराचा विचार करता या रेघांकडे सर्वांत आधी पाहिले पाहिजे. दोन-स्ट्रोक इंजिनात मिश्रण आधी केसिंगमध्ये व नंतर सिलिंडरमध्ये जाते, त्यामुळे तीच धूळ क्रँकच्या बेअरिंगनाही खात असते, आणि फिल्टर न बदलता केवळ नवा पिस्टन बसवणे म्हणजे तोच खर्च पुन्हा ओढवून घेणे होय.

झीज मोजण्यासाठी रिंग एकटीच सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने पाहावी. या आकाराच्या सिलिंडरमध्ये नव्या रिंगेची फट साधारण 0.2 ते 0.3 मिलिमीटर असते. नवी रिंग घालूनही ती बरीच जास्त भरली, तर दोष सिलिंडरचा आहे आणि ब्लॉक बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घ्यावा लागतो. बोअरनंतर पोर्टच्या धारदार कडा किंचित गोलसर करून घ्याव्यात, अन्यथा नव्या रिंगा त्यांवर तुटतात. शेवटी रॉड हाताने धरून वर-खाली हलवावा. आडवी थोडी हालचाल चालते, परंतु उभा खडखडाट जाणवला तर क्रँकचे बेअरिंग गेले आहे आणि वरच्या कामावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

राजदूतचे उत्पादन आता बंद आहे. मोठ्या मापाचे पिस्टन संपले तरी ब्लॉकमध्ये नवी स्लीव्ह बसवता येते, म्हणून ज्यांच्या गोठ्यात किंवा पडवीत जुना ब्लॉक पडून आहे त्यांनी तो भंगारात घालू नये. ऑइल लावून, कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा.