अशोका गार्डन ते बर्गन, व्हाया बडा तालाब

"म्हणजे पैसे भरून खलाशाचं काम करायला चालला आहेस?" आईने विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते अगदी खरं होतं.

कंपनीच्या कामासाठी मी दोन महिने ऑस्लोला होतो. परतण्याआधी आठवडाभराची रजा हातात होती. ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की बर्गनहून 'स्टाट्सराड लेमकुल' नावाचं शिडांचं जहाज सुटतं आणि त्यावर कुणालाही प्रशिक्षणार्थी म्हणून जाता येतं. अनुभव लागत नाही. मी संगणकाचा बीई, अशोका गार्डनमध्ये वाढलेला. समुद्राशी माझा संबंध म्हणजे आईचं माहेर देवगड, आणि तिथेही आम्ही जायचो ते आंब्यांसाठी. तरी नाव नोंदवलं.

हे जहाज १९१४ साली जर्मनीत बांधलं गेलं. पहिल्या महायुद्धानंतर ते ब्रिटिशांकडे गेलं आणि १९२१ मध्ये नॉर्वेत आलं. ज्या माजी मंत्र्यांनी ते आणण्यासाठी खटपट केली, त्यांचंच नाव त्याला मिळालं. लांबी ९८ मीटर, तीन डोलकाठ्या, २२ शिडं. धक्क्यावर उभं राहून वर पाहिलं आणि पोटात गोळा आला. मला उंचीची भीती वाटते, हे नाव नोंदवताना मी सोयीस्कर विसरलो होतो.

चढल्याबरोबर आमचे तीन गट पाडले. चार तास काम, आठ तास सुट्टी, मग पुन्हा चार तास, रात्र असो वा दिवस. काम म्हणजे सुकाणू धरणं, पुढे उभं राहून टेहळणी करणं, जहाजभर फिरून कुठे आग वगैरे नाही ना हे बघणं, आणि दोर ओढणं. दोर तर किती! प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि अंधारातही ती चुकायची नाही. पंधरा-वीस जण एका तालात ओढायला लागले की मला आपलं 'जोर लगा के हैया'च आठवायचं. एकदा मी ते मोठ्याने म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी अर्धा गट तेच ओरडत होता. झोपायला कापडी झोळ्या, शेजाऱ्याचं कोपर आपल्या नाकाशी. जेवणात माझ्यासारख्या शाकाहारी माणसाचा आधार म्हणजे ब्रेड, बटाटे आणि तपकिरी चीज. ते चीज पेढ्यांच्या कढईतल्या खरवडीसारखं लागतं, थोडं खारट.

दुसऱ्या दिवशी आम्ही हार्डांगर फ्योर्डमध्ये शिरलो. फ्योर्ड म्हणजे हिमनदीने डोंगर कोरून केलेली दरी, जिच्यात पुढे समुद्र शिरला. दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि खाली पाणी काही ठिकाणी ८०० मीटरहून खोल. फोटोत हे फार सुंदर दिसतं. पण शिडाच्या जहाजाला तिथे त्रासच. डोंगर वारा अडवतात, किंवा एखाद्या घळीतून तो अचानक भलत्याच बाजूने येतो. आमची शिडं ओल्या चादरींसारखी लोंबकळली आणि शेवटी इंजिन सुरू करावं लागलं. मी चक्क हिरमुसलो.

डोलकाठीवर चढण्याचा प्रसंगही सांगून टाकतो. पट्टा बांधलेला, शेजारी अनुभवी खलाशी, सगळी सोय. मी पहिल्या मचाणापर्यंत पोचलो, खाली पाहिलं आणि हात-पाय गोठले. वीस मिनिटांनी उतरलो. वर गेलोच नाही, चौथ्या दिवशीही नाही.

त्या संध्याकाळी आमच्या गटातल्या, स्टाव्हांगरच्या एका निवृत्त शिक्षिका माझ्याशेजारी टेहळणीला होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं जहाज आमच्या गावी आलं होतं की, तीन डोलकाठ्यांचं. मी नातवंडांना घेऊन पाहायला गेले होते." मी म्हटलं, आमचं? भारताचं? त्यांना नावसुद्धा आठवत होतं: तरंगिणी.

मला काहीच माहीत नव्हतं. मोबाइलला रेंज आल्यावर शोधलं. 'आयएनएस तरंगिणी' आपल्या नौदलाचं प्रशिक्षण जहाज, गोवा शिपयार्डमध्ये बांधलेलं, ११ नोव्हेंबर १९९७ रोजी नौदलात दाखल झालेलं. लांबी ५४ मीटर, शिडं २०. २००३-०४ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१८ मध्ये कोचीहून निघून ती युरोपातल्या शिडांच्या जहाजांच्या शर्यतीत उतरली आणि इंग्लंड, डेन्मार्क करत स्टाव्हांगरला पोचली. मग वाचतच गेलो. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली आणि तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगाची फेरी पूर्ण केली. असं करणारे ते पहिले भारतीय. शाळेत मला मॅगेलन पाठ होता. दोंदे मात्र नॉर्वेत भेटले, तेही मोबाइलवर.

घरी फोन लावून आईला सगळं सांगत होतो, मास्ट असा, मास्ट तसा. ती म्हणाली, "डोलकाठी म्हण की. आणि तिच्यावरचं ते आडवं, ते परबाण. आमच्या बंदरात मचवे लागायचे तेव्हा आम्ही पोरं मोजायचो." पस्तीस वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. खरं तर तिला कधी विचारलंच नव्हतं. हा लेख लिहिताना मास्टच्या जागी डोलकाठी आली, ती तिच्यामुळे.

परत आल्यावर आणखी एक गोष्ट कळली, आणि ती तर स्टेशनच्या पलीकडे, आपल्याच गावात होती. बड्या तालावावर शिडाच्या होड्यांची राष्ट्रीय शाळा आहे. देवासची नेहा ठाकूर इथेच शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवलं. त्याआधी २०१८ मध्ये हर्षिता तोमरने जकार्तात कांस्य. दोघीही तेव्हा अकरावी-बारावीच्या वयाच्या. बोट क्लबवर भुट्टा खात मी ती पांढरी शिडं शंभरदा पाहिली असतील. मला वाटायचं, सहलीच्या होड्या आहेत.

सध्या दर रविवारी सकाळी मी नऊ वर्षांच्या पुतणीला पोहायला नेतो. होडीत बसण्याआधी पोहणं पक्कं हवं, अशी घरातली अट आहे. दादाला अजून हे पटलेलं नाही. तो म्हणतो, दहावीनंतर बघू. गेल्या रविवारी आई पहिल्यांदाच आमच्याबरोबर तलावावर आली. बराच वेळ कठड्याला टेकून उभी होती. मग पुतणीला म्हणाली, "ती तिसरी होडी बघ. दोर ढिला सुटलाय तिचा."