वायुकोशापर्यंत औषध नेणारे सर्फॅक्टंट

फुप्फुसातला प्रत्येक वायुकोश आतून ओला असतो आणि ही ओल त्याला सतत आत ओढत असते. शरीराच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७० मिलिन्यूटन भरतो. एवढा ताण कायम राहिला असता तर दर उच्छ्वासाला वायुकोश मिटले असते आणि पुढच्या श्वासाला ते उघडताना छाती दमून गेली असती. तसे होत नाही, कारण वायुकोशाच्या भिंतीतल्या ‘टाइप दोन’ पेशी सर्फॅक्टंट बनवतात. ते या ओलीवर पातळ थराने पसरते. उच्छ्वासात हा थर दाबला जातो तसा ताण जवळजवळ शून्यावर येतो. सर्फॅक्टंटमध्ये सुमारे ९० टक्के मेद आणि १० टक्के प्रथिने असतात. मेदांमध्ये सर्वांत मोठा वाटा डीपीपीसी या फॉस्फोलिपिडचा. प्रथिने चार : एसपी-ए, एसपी-बी, एसपी-सी आणि एसपी-डी. यांतल्या बी आणि सी या दोघांना पाण्याचे वावडे असल्याने ती मेदातच राहतात आणि थर झटपट पसरवण्याचे काम मुख्यत्वे तीच करतात.

फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या पेशींनी हा साठा अजून पुरेसा तयार केलेला नसतो. अशा बाळांच्या श्वासाच्या त्रासामागे सर्फॅक्टंटची उणीव आहे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. १९८० मध्ये जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून काढलेले सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडले आणि त्यांच्या फुप्फुसांची स्थिती सुधारली. आज नवजात अतिदक्षता विभागात ‘सर्फॅक्टंट दिले का?’ हा नेहमीचा प्रश्न आहे. जो पदार्थ श्वासनलिकेत सोडल्यावर आपला आपण खोलवर पसरतो, त्याच्याबरोबर औषधही पाठवता येईल का, हा पुढचा प्रश्न त्याच अनुभवातून आला.

हा प्रश्न पडण्याचे कारण नेहमीच्या इनहेलरच्या आणि नेब्युलायझरच्या मर्यादांत आहे. पाच मायक्रॉनहून मोठे बरेचसे कण घशात आणि मोठ्या नळ्यांत अडकतात. फार बारीक कण आत जातात, पण त्यांतले बरेच उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतात. जे बसतात ते हवा जिथे पोहोचते तिथेच. आजारी फुप्फुसात मिटलेल्या भागाला औषधाची खरी गरज असते आणि हवा तिथेच जात नाही. शिवाय बुडेसोनाइडसारखी स्टेरॉइड पाण्यात जेमतेम विरघळतात.

सर्फॅक्टंटचा रस्ता वेगळा आहे. परातीतल्या पाण्यावर हळद भुरभुरावी आणि मध्ये साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडावा. हळद क्षणात काठाकडे पळते. पृष्ठताण जिथे कमी झाला तिथून तो जास्त आहे त्या दिशेला पृष्ठभागच सरकतो. याला मारांगोनी परिणाम म्हणतात. फुप्फुसातही सर्फॅक्टंट असेच ओलीवरून पुढे जाते. मेदांना चिकटून बसलेले औषध त्याच्याबरोबर सरकते, त्यासाठी हवेच्या झोताची गरज उरत नाही.

माद्रिदच्या कॉम्प्लुतेन्से विद्यापीठात हेसुस पेरेस-गिल यांच्या गटाने हे प्रत्यक्ष दिसेल अशी मांडणी केली. द्रवाने भरलेली दोन भांडी शेजारी ठेवायची आणि ओल्या फिल्टर पेपरच्या पट्टीने त्यांचे पृष्ठभाग जोडायचे. पट्टी हा पूल. त्यावरून वाट फक्त पृष्ठभागाची. पहिल्या भांड्यावर औषध मिसळलेले सर्फॅक्टंट सोडायचे आणि दुसऱ्यातला ताण मोजत राहायचे. सर्फॅक्टंट पूल ओलांडते तसा दुसऱ्या भांड्यातला ताण उतरत जातो. मग तिथल्या पृष्ठभागावरून नमुना उचलून औषध आले का ते पाहायचे. या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात स्टेरॉइड औषधे सर्फॅक्टंटबरोबर अशी कार्यक्षमतेने वाहून गेल्याचे दिसले. मांडणी साधी आहे, पण नेमका मुद्दा तीच सिद्ध करते : औषध द्रवातून मिसळत न जाता पृष्ठभागावरून प्रवास करते.

रुग्णाच्या खाटेपाशी हेच काम हाताने आणि घाई न करता होते. डुकराच्या फुप्फुसापासून केलेल्या पोरॅक्टंट या सर्फॅक्टंटची कुपी २ ते ८ अंशांवर फ्रीजमध्ये असते. ती काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मग हलकेच उलटीसुलटी करायची. जोरात हलवायची नाही, फेस होतो. आतला द्रव दुधासारखा पांढरा. मात्रा किलोला २०० मिलिग्रॅम, म्हणजे ८०० ग्रॅमच्या बाळाला १६० मिलिग्रॅम, दोन मिलिलिटर. स्टेरॉइडच्या अभ्यासांत बुडेसोनाइड किलोला ०.२५ मिलिग्रॅम धरले होते. त्याच बाळाला ०.२ मिलिग्रॅम. सर्फॅक्टंटच्या मानाने औषध इतके थोडे असणे आवश्यकच आहे, कारण वाहनावर भार वाढला की थराचे स्वतःचे काम बिघडण्याची भीती असते. मिश्रण श्वासनलिकेतल्या ट्यूबमधून किंवा बाळ सीपॅपवर, म्हणजे सतत दाबाने हवा देणाऱ्या साधनावर, स्वतः श्वास घेत असताना बारीक कॅथेटरमधून सोडतात. सोडताना कधी थोडा पांढरा द्रव नळीत परत वर येतो, ऑक्सिजनचे प्रमाण घसरते आणि मॉनिटर वाजू लागतो. हात थांबतो, आकडा सावरला की पुन्हा सुरू होतो. फुप्फुसाने साथ दिली तर पुढच्या काही मिनिटांत ऑक्सिजन कमी करायला घेता येतो.

एवढा खटाटोप करायचा तो जुनाट फुप्फुसविकार टाळण्यासाठी. गर्भकाळ धरून ३६ आठवडे भरले तरी ऑक्सिजन सुटत नाही अशी बाळे यात मोडतात. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात शिरेतून दिलेले डेक्सामेथासोन हा विकार कमी करते, पण सेरेब्रल पाल्सीचा धोका वाढवते. स्टेरॉइड फुप्फुसातच राहावे हा हट्ट त्यामुळे आहे आणि तो रास्त आहे. तैवानच्या येह यांच्या गटाने २०१६ मध्ये २६५ बाळांचा अभ्यास मांडला : मृत्यू किंवा जुनाट विकार हे मिश्रण दिलेल्यांत ४२ टक्के, नुसते सर्फॅक्टंट दिलेल्यांत ६६ टक्के. आशा फार वाढली. नंतर चार देशांत झालेला ‘प्लस’ हा १,०५९ बाळांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. विकाराशिवाय जगलेली बाळे मिश्रणाच्या गटात २५.६ टक्के, दुसऱ्या गटात २२.६ टक्के, हा फरक संख्याशास्त्राच्या कसाला उतरला नाही. तेव्हा भांड्यांतला पूल औषधाने ओलांडला म्हणून बाळाचा विकार टळला, असे धरता येत नाही. वाहन चांगले असूनही त्या मात्रेतले ते औषध त्या आजाराला पुरे पडत नसेल, हीही शक्यता उरते. म्हणून या निकालाने कल्पनाच मोडीत निघाली असे म्हणणे घाईचे होईल.

औषध कुठे उतरते हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. डॅप्टोमायसिन हे प्रतिजैविक त्याचे ठळक उदाहरण. रक्तातल्या आणि त्वचेच्या संसर्गावर ते जोरकस चालते, पण न्यूमोनियावर ते वापरत नाहीत. त्याला कॅल्शियमच्या साथीने जिवाणूच्या पटलातल्या फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलमध्ये घुसायचे असते आणि सर्फॅक्टंटमध्ये तेच फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल भरपूर असते. औषध वाहनातच अडकून पडते, जिवाणूपर्यंत जातच नाही. पकड सैल असेल तर औषध वाटेतच सुटते, घट्ट असेल तर मुक्कामी सुटत नाही. प्रत्येक औषधाची ही परीक्षा स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

क्षयरोगासाठी सर्फॅक्टंटचा विचार पवईच्या आयआयटी मुंबईत रिंती बॅनर्जी यांच्या प्रयोगशाळेत झाला. क्षयाच्या जिवाणूचे मेद डीपीपीसीच्या थराचे काम बिघडवतात, हे त्या कामातून पुढे आले. मग डीपीपीसीच्याच सूक्ष्म कोशिकांत आयसोनियाझिडसारखी औषधे भरून नेब्युलायझरने देण्याजोगी मिश्रणे तिथे तपासली गेली. वाहन म्हणून दिलेला मेदच बिघडलेल्या थराची भरपाई करील, अशी त्यामागची दुहेरी अपेक्षा होती. हे काम मात्र प्रयोगशाळेपुरते होते.

प्रौढांमध्ये अडचण वेगळीच आहे. वायुकोश सुमारे ४८ कोटी. बाळाला लागणारे दोन मिलिलिटर तिथे कुठल्या कुठे जिरतात. १९९६ मध्ये ७२५ रुग्णांच्या अभ्यासात सर्फॅक्टंट फवाऱ्याने देऊन पाहिले, उपयोग झाला नाही. सुजलेल्या फुप्फुसात रक्तातली प्रथिने झिरपतात आणि आलेल्या सर्फॅक्टंटलाही निकामी करतात. त्यात प्राण्यांच्या फुप्फुसापासून केलेले सर्फॅक्टंट महाग असते. त्याला पर्याय म्हणून बी आणि सी प्रथिनांच्या कृत्रिम नकला घालून केलेले सीएचएफ ५६३३ सारखे सर्फॅक्टंट बाळांमध्ये तपासले गेले आहे. वाहन म्हणून पाहिले तर, बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठात औषधी आरएनए भरलेल्या सूक्ष्म जेलकणांना सर्फॅक्टंटच्या मेदांचे आणि एसपी-बीचे वेष्टन दिले, तेव्हा पेशीच्या आत आरएनएचा परिणाम वाढल्याचे दिसले.