भरजरी स्त्री-जोड्यांची पारख

रायगड जिल्ह्यांतील दिवेआगर हें गांव इतिहाससंशोधकांस दोन कारणांनीं परिचित आहे. शके ९८२ (इ. स. १०६०) चा मराठी ताम्रपट येथला; आणि १९९७ सालीं येथील एका वाडींत खणतांना तांब्याच्या पेटींत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. २४ मार्च २०१२ रोजीं दरोडेखोरांनीं दोन पहारेकऱ्यांचा बळी घेऊन तो मुखवटा पळविला व वितळविला. पुढें सोनें हातीं लागलें, २०२१ सालीं नवा मुखवटाही बसविण्यांत आला; परंतु जुन्या घडणींत कारागिरीचा व काळाचा जो पुरावा होता, तो आटणींत कायमचा गेला. वस्तूचें मोल तिच्यांतील धातूच्या मोलाहून निराळें असतें, हें याहून स्पष्टपणें कसें सांगावें?

हाच न्याय लहान वस्तूंसही लागू आहे. किनाऱ्यावरील जुन्या घरांच्या पेट्यांतून शालू-पैठण्यांबरोबर एखादे वेळीं जरीकाम केलेला बायकांचा जोडाही निघतो. शालूस विचारणारे पुष्कळ. जोडा मात्र पायींची वस्तु म्हणून उपेक्षिला जातो, आणि जुनी जर घेणारा दारीं आला म्हणजे चांदीच्या भावानें देऊन टाकला जातो. जर जाळून चांदी काढली कीं पुरावा संपला. म्हणून अशा जोड्याची पारख कोणत्या क्रमानें करावी, तें येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम नांव व घाट पाहावा. टांच उघडी असलेल्या सपाता व टांच झांकणाऱ्या मोजड्या हा भेद जुन्या याद्या वाचणारासही उपयोगी आहे. सपाता हा शब्द मूळ पोर्तुगीज. चौल-रेवदंड्यास १७४० पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, हें ध्यानांत घेतां त्याचें नवल वाटूं नये. मात्र यादींत ‘सपाता’ असें लिहिलें एवढ्यावरून वस्तु पोर्तुगीज घडणीची ठरत नाहीं. देशी जोड्यांत डावा-उजवा असा भेद बहुधा नसे. वापरानें पायाचा आकार चढे. यास्तव दोन्ही पाय सारखे दिसले तर जोडा न वापरलेला असावा, असें अनुमान करण्यापूर्वीं तळाची झीज पाहावी.

नंतर तळ व शिवण. टांके लहानमोठे, किंचित् तिरके असतील तर काम हातचें. चामड्याचा तळ शिवणाऱ्या यंत्राचें अमेरिकन पेटंट १८५८ चें आहे. तेव्हां तळाची शिवण यंत्राची असेल तर ती शिवण त्यानंतरची, हें उघड आहे. पण तळ झिजल्यावर बदलण्याची चाल असल्यानें नव्या तळावर जुना वरचा भाग असूं शकतो. कडेस रिकामीं पडलेलीं जुनीं छिद्रें आढळल्यास तळ बदलल्याची शंका घ्यावी. उलट, जुन्या वस्त्राचा मखमली तुकडा कापून नवा जोडा केलेला असणेंही शक्य आहे. तशा ठिकाणीं भरतकामाची वेल कडेशीं अर्ध्यांतच तुटलेली दिसते. अर्थात् वस्त्राचा काळ व जोड्याचा काळ हे दोन निरनिराळे प्रश्न होत.

तिसरी गोष्ट जर. खऱ्या कलाबतूंत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते व तिजवर सोन्याचा मुलामा असतो. हलक्या जरींत तांब्याची तार व बहुधा सुती धागा असतो. तुटलेलें टोंक भिंगाखालीं धरिलें म्हणजे आंतला धागा दिसतो. चांदी काळवंडते, तांबें हिरवें पडतें. चकचकीत व न काळवंडणारी, प्लास्टिकच्या पापुद्र्याची जर असेल तर ती विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची किंवा त्याही अलीकडची. जाळून परीक्षा मुळींच करूं नये. घांसून उजळूंही नये, कारण मुलामा त्याबरोबर निघून जातो.

रंगाविषयीं एवढेंच कीं, पर्किन यानें १८५६ सालीं पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला. मूळ टांक्यांत असा रंग सिद्ध झाल्यास जोडा त्या सालापूर्वींचा नव्हे. परंतु वनस्पतिज रंग पुढेंही चालू होते. म्हणून केवळ त्यांवरून वस्तु प्राचीन म्हणूं नये.

हस्तलिखितें जमविणारांस विशेष सांगावयाचें तें असें. अस्तर व चामडें यांच्या मध्यें खळीनें चिकटविलेला रद्दी कागद कोठें आढळला व त्यावर मोडी अक्षरें असलीं, तर तो ओढून काढण्याचा मोह आवरावा. फटींतून दिसेल तेवढें वाचावें, छायाचित्र घ्यावें. त्यांत मिति मिळाली तरी ती केवळ त्यापूर्वींचा नव्हे एवढी एकच मर्यादा सांगते: जोडा त्या मितीनंतर केव्हां तरी झाला. रद्दी किती वर्षें पडून होती, हें कागद सांगत नाहीं.

वय ठरविणें ही नुसती हौस नव्हे. १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांची वस्तु पुरावस्तु ठरते. शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाच्या हस्तलिखितास पंचाहत्तर वर्षें पुरतात. पुरावस्तूचा व्यापार करणारास परवाना लागतो, व ती परदेशीं पाठविण्याचा अधिकार खासगी व्यक्तीस नाहीं.

अखेर मोलाची गोष्ट. आमच्या मतें झिजलेला, एका पायाचे टांके उसवलेला, पण कोणत्या घरच्या कोणत्या पेटींत, कशांत बांधलेला, कोणत्या यादीबरोबर मिळाला हें माहीत असलेला जोडा, ठावठिकाणा हरवलेल्या चकचकीत जोड्यापेक्षां श्रेष्ठ मानावा. यास्तव जोडा हातीं येतांच मापें, छायाचित्रें व घरांतील वृद्ध स्त्रियांनीं सांगितलेली माहिती सांगणारीच्या नांवासह त्याच दिवशीं टिपून ठेवावी. खाऱ्या दमट हवेंत प्लास्टिकच्या पिशवींत न कोंडतां धुतलेल्या कोऱ्या मलमलींत गुंडाळावा, व बांधलेलें जुनें फडकेंही टाकूं नये. चांदीचा भाव काय तो सराफ केव्हांही सांगेल. जोडा कोणाच्या घरचा हें सांगणारीं माणसें मात्र दरसाल कमी होत आहेत.