नवजाताचे व्याधिक्षमत्व आणि चिकाचे दूध

गर्भाशयाच्या सुरक्षित आश्रयातून बाहेर येताच बालकाचा असंख्य सूक्ष्म जंतूंशी संबंध येतो. त्या वेळी त्याच्यापाशी कोणते संरक्षण असते आणि आम्हा वैद्यांच्या सल्ल्याने ते वाढते की घटते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

चक्रपाणींनी व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ सांगितले आहेत : उत्पन्न व्याधीच्या बलाला विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीलाच प्रतिबंध. नवजातात ही दोन्ही कार्ये होतात, परंतु साधने अपुरी असतात. जंतूंचे भक्षण करणाऱ्या श्वेतकणांचा अस्थिमज्जेतील राखीव साठा लहान असतो, रक्तातील पूरक प्रथिने कमी असतात आणि जंतूंचा पूर्वपरिचय नसल्याने स्वतःची प्रतिद्रव्ये निर्माण होण्यास विलंब लागतो.

ही उणीव माता दोन मार्गांनी भरून काढते. पहिला मार्ग अपरेचा. तिच्यातून आयजीजी प्रतिद्रव्ये गर्भाकडे जातात, तीही मुख्यतः अखेरच्या तीन महिन्यांत. म्हणूनच अकाली जन्मलेले बालक संसर्गाला अधिक सहज बळी पडते. हे मातृदत्त धन सुमारे तीन आठवड्यांत निम्मे होते. दुसरा मार्ग स्तन्याचा. आयजीए प्रतिद्रव्ये अपरेतून जात नाहीत. ती चिकाच्या दुधात विपुल असतात आणि आतड्याच्या आतील अस्तरावर राहून जंतूंना तेथेच अडवितात. त्यांच्या जोडीला लॅक्टोफेरिन व जिवंत श्वेतकणही असतात.

स्तन्यातून मिळणाऱ्या या संरक्षणाचा प्रायोगिक पुरावा पॉल एहर्लिख यांनी १८९२ साली उंदरांवर दिला. त्यासाठी वापरलेल्या विषांपैकी एक होते आपल्या परिचयाच्या गुंजेतील अ‍ॅब्रिन. विषाला प्रतिकारक्षम झालेल्या मादीचे दूध पाजल्यास दुसऱ्या मादीची पिल्लेही सुरक्षित राहतात, असे त्यांना आढळले.

असे असूनही अनेक घरांत चीक पिळून टाकला जातो आणि बालकास गुळाचे पाणी वा मध चाटविला जातो. त्यास ग्रंथांचा आधार दिला जातो. सुश्रुत व वाग्भट यांनी स्तन्याची प्रवृत्ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी होते असे म्हटले आहे, हे खरे. दूध भरून येण्याचा काळ आजही साधारण तोच दिसतो. परंतु दूध भरून येणे वेगळे आणि त्यापूर्वी स्तनात काहीच नसणे वेगळे. चरकांनी तर जातकर्मातील मधुघृतप्राशनानंतर लगेच उजवे स्तन देण्यास सांगितले आहे. चीक प्रमाणाने थोडा असतो; नवजाताचे जठरही तेवढेच लहान असते.

मधाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. प्रौढाचे आतडे त्यांना रुजू देत नाही, शिशूचे देऊ शकते. शिशूंमधील हा विकार १९७६ साली प्रथम ओळखला गेला. म्हणून एक वर्षापर्यंत मध देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. जातकर्मातील मंगल भाव जपावा. प्राशन मात्र चिकाचेच असावे आणि तेही पहिल्या तासातच. यात शास्त्राचा अवमान नाही. देशकालानुसार युक्ती योजण्यास शास्त्रानेच सांगितले आहे.

चीक मिळाला तरी संसर्ग होणारच नाही असे नाही. नवजाताला जंतुसंसर्गात ज्वर येईलच असे नसते. उलट अंग थंड पडू शकते. ओढून दूध न पिणे, मलूलपणा, छाती आत ओढली जाणे, श्वास मिनिटास ६० किंवा अधिक होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास चाटणात वेळ न घालविता बालकास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकडून घरोघर नवजात-सेवा आणि जंतुसंसर्गावर प्रतिजैविके दिली. तेथे नवजात-मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. वेळीच ओळख आणि वेळीच उपचार यांचे सामर्थ्य एवढे आहे.

गर्भिणी आपल्याकडे मासानुमासिक चिकित्सेसाठी येते, तेव्हाच तिला आणि तिच्या सासूबाईंनाही हे समजावून सांगावे. प्रसूतीनंतर सांगण्यास बहुधा उशीर झालेला असतो.